एका ज्ञानेश्वराची तीन नावं

बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळ एका लॉजच्या काउंटरपाशी मी एकदा अर्धा तास उभी होते. राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना मी एक छोटं काम दिलं होतं. एकच माणूस वेगवेगळ्या नोंदवह्यांत कसा लिहिला जातो ते बघून या, इतकंच. वर्गातला एक मुलगा स्वतःच्याच नावामागे लागला. त्याचं नाव ज्ञानेश्वर. मराठी शाळेच्या दाखल्यावरून इंग्रजीत उतरलेलं त्याचं नाव ‘डी-एन-वाय’ने सुरू होत होतं. कन्नड रेशनकार्डावरून जो कागद पुढे तयार झाला, त्यात ते ‘जे-एन’ने सुरू झालं. तिसऱ्या ठिकाणी कुणीतरी कन्नड उच्चार कानावर पडला तसा लिहून घेतला, तिथे ते ‘जी-एन’ झालं. मुलगा एक, बाप एक, घर एक. संगणकाला विचाराल तर माणसं तीन. लॉजच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. रजिस्टरात तुम्ही कुठलं नाव धरता, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, “मॅडम, कार्डावर असतंय तसं आमी लिवतो की. कार्डातच तीन तऱ्हा असल्या तर आमी काय करणार?”

अण्णांचा हा प्रश्न मला देशाच्या सुरक्षेचा प्रश्न वाटतो. मुंबईत येऊन 26/11 च्या हल्ल्यासाठी जागा हेरून गेलेल्या डेव्हिड हेडलीचं जन्मनाव दाऊद गिलानी होतं. 2006 मध्ये त्याने अमेरिकेत रीतसर नाव बदलून घेतलं आणि नव्या नावाच्या पासपोर्टवर तो भारतात ये-जा करत राहिला. त्याला नाव बदलायला खटपट करावी लागली. आमच्या सीमाभागात नाव एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलं की आपोआप बदलतं. 26/11 नंतर नॅटग्रिड उभारायचं ठरलं. प्रवास, बँक, टेलिफोन, व्हिसा अशा विखुरलेल्या नोंदी तपास यंत्रणांना एका जागी पाहता याव्यात, ही त्यामागची कल्पना. कल्पना योग्यच आहे. पण मराठी, कन्नड, उर्दू आणि कोकणी एकाच बाजारात बोलल्या जाणाऱ्या जिल्ह्यात एक नाव किती रूपं घेतं, हे कुणीतरी आधी गावोगाव बसून समजून घ्यायला हवं. तसं झालं नाही तर खरा गुन्हेगार जाळीतून निसटतो आणि त्याच्या नावाशी नाव जुळणारा निरपराध माणूस जाळीत अडकतो. यंत्राला शिकवण्याआधी करायच्या अशा कामाला मी धोरण संशोधन म्हणते.

नोव्हेंबर 2024 मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने, म्हणजे एनआयएने, दिल्लीत भरवलेल्या दहशतवादविरोधी परिषदेत केंद्रीय गृहमंत्र्यांनी सांगितलं की दहशतवादविरोधी राष्ट्रीय धोरण आणि रणनीती आणली जाईल. अशा लिखित धोरणाची गरज फार दिवसांपासून होती, त्यामुळे मी त्या घोषणेचं मनापासून स्वागत केलं. ब्रिटनने आपली रणनीती 2003 मध्ये आखली आणि 2006 मध्ये लोकांसमोर ठेवली. पुढे तिच्या सुधारित आवृत्त्या येत राहिल्या, चुका निघाल्या, वाद झाले, दुरुस्त्या झाल्या. मला भीती वेगळीच वाटते. आपल्याकडे धोरण ही हल्ल्यानंतर घाईने करायची गोष्ट झाली आहे आणि संशोधन ही त्या धोरणाला मागाहून जोडायची पुरवणी. हा क्रम उलटा व्हायला हवा, आणि संशोधनाची सुरुवात दिल्लीच्या सभागृहात न होता पोलिस ठाण्यात, तुरुंगात, न्यायालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये आणि दोन राज्यांच्या शिवेवर व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

अहवालाची ताकद काय असते, हे आम्हा सीमाभागातल्या मराठी माणसांना वेगळं सांगावं लागत नाही. सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झालेल्या मेहरचंद महाजन यांचा आयोग महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावर 1966 मध्ये नेमला गेला, 1967 मध्ये त्याचा अहवाल आला. निपाणी, खानापूर, नंदगडसह 264 गावं महाराष्ट्राला, 247 गावं कर्नाटकाला, आणि बेळगाव शहर कर्नाटकातच. महाराष्ट्राने तो नाकारला, कर्नाटकाने तो प्रमाण मानला, आणि 2004 पासून हा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या अहवालाच्या निष्कर्षांबद्दल माझं मत महाराष्ट्राच्या बाजूचं आहे, ते मी लपवत नाही. इथे मला त्यातला एकच धडा हवा आहे. ज्यांच्या आयुष्याचा निवाडा व्हायचा त्या लोकांना आपलं म्हणणं ऐकलं गेलं असं वाटलं नाही, तर अहवाल कितीही पानांचा असो, जमिनीवर तो रुजत नाही. तीन पिढ्या आम्ही हे बघतो आहोत.

संशोधनाने देशाची रणनीती खरोखर घडवल्याची उदाहरणं आपल्याकडे आहेत आणि ती विसरून चालणार नाही. 1965 मध्ये, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, दिल्लीत संरक्षण अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था निघाली. के. सुब्रह्मण्यम त्या संस्थेचे दोनदा संचालक झाले. कारगिलच्या युद्धानंतर 1999 मध्ये सरकारने पुनरावलोकन समिती नेमली तेव्हा अध्यक्षपद त्यांच्याकडेच दिलं. समितीला गोपनीय कागद दाखवले गेले, बड्या अधिकाऱ्यांना प्रश्न विचारता आले, आणि नाजूक भाग वगळून अहवाल छापून लोकांपुढे आला. त्यावर मंत्रिगटाने 2001 मध्ये शिफारशी केल्या. वेगवेगळ्या यंत्रणांची गुप्तवार्ता एका टेबलावर आणणारं मल्टी एजन्सी सेंटर त्यातून उभं राहिलं. त्याच शिफारशींतलं संरक्षणदल प्रमुखाचं पद मात्र 1 जानेवारी 2020 ला भरलं गेलं. मध्ये जवळजवळ एकोणीस वर्षं गेली.

दुसरं उदाहरण मला जास्त टोचतं. कर्नाटकाचे माजी मुख्यमंत्री वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने आपला आठवा अहवाल फक्त दहशतवादावर लिहिला. कायदा कसा असावा, पैशाचा माग कसा काढावा, नागरिकांनी आणि माध्यमांनी काय करावं, हे सगळं त्यात आहे. अहवालावर महिना आहे जून 2008. नोव्हेंबरच्या 26 तारखेला दहा माणसं समुद्रातून मुंबईत उतरली आणि 166 लोकांचे जीव गेले. अहवाल वाचला असता तर हल्ला टळला असता, असा भाबडा दावा मी करणार नाही. पण हल्ल्यानंतर डिसेंबर संपायच्या आत एनआयएचा कायदा झाला, यूएपीए हा बेकायदा कारवायांविरुद्धचा कायदा कडक झाला. जे काम चार-पाच आठवड्यांत होऊ शकत होतं ते आधीच्या पाच महिन्यांत चर्चेलाही का आलं नाही, हा प्रश्न विचारायलाच हवा.

26/11 नंतर महाराष्ट्र सरकारने राम प्रधान यांची समिती नेमली. 2009 मध्ये तिने अहवाल दिला, पण तिची कक्षा राज्याच्या यंत्रणेपुरती होती. अमेरिकेने 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर नेमलेल्या आयोगाचा अहवाल 2004 मध्ये दुकानात विकत मिळत होता. आपल्याकडे 26/11 वर राष्ट्रीय पातळीची अशी स्वतंत्र चौकशी झालीच नाही. समुद्र केंद्राचा, किनारा राज्याचा, गुप्तवार्ता दिल्लीची, बंदूक ठाण्याच्या हवालदाराची. यांतल्या फक्त एका तुकड्याची चौकशी झाली.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. 11 जुलै 2006 ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना शिक्षा सुनावली, त्यांतल्या पाच जणांना फाशी. 21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. उच्च न्यायालयाच्या निकालानंतर दहा दिवसांनी, 31 जुलैला, 2008 च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यात विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडलं. तिथे सहा माणसं गेली होती. पहिल्या निकालावर एक बाजू संतापली, दुसऱ्यावर दुसरी. ज्याला आपला आरोपी वाटला त्याच्या सुटकेचा आनंद झाला, परका वाटला त्याच्या सुटकेचं दुःख झालं. दोन्ही वेळा ज्यांची माणसं मेली त्यांच्या घरी कुणीच उत्तर घेऊन गेलं नाही. मग हे केलं कुणी?

रेल्वेचा मोठा अपघात झाला की रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशीला येतात. हे आयुक्त रेल्वेचे नोकर नसतात. ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. रेल्वेने स्वतःच्या चुकीची चौकशी स्वतः करू नये म्हणून केलेली ही शहाणी सोय आहे. रूळ, सिग्नल, चालकाची ड्युटी किती तास झाली, पॉइंट कुणी लावला, सगळं तपासलं जातं. खटला कोसळल्यावर असं कोण येतं? साक्षीदार फितूर झाले की मुळातच उभे केलेले होते, ओळखपरेड उशिरा का झाली, कबुलीजबाबांवरच सगळा डोलारा का उभा केला, स्फोटकाच्या तपासणीत कुठे ढिलाई झाली, अठरा-एकोणीस वर्षांत किती तपास अधिकारी बदलले? निकालपत्रात यांतलं पुष्कळ असतं. शेकडो पानांची ती निकालपत्रं हा आपल्या देशातला दहशतवादविरोधी कामाचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज आहे. त्यांचा ओळीओळीने अभ्यास करून ‘पुढच्या तपासात या सात गोष्टी टाळा’ असं सांगणारी एक स्वतंत्र संस्था हवी. तिला कुणाला शिक्षा करायची नाही, कुणाला सोडवायचं नाही. रेल्वेच्या आयुक्तांसारखं तिने तपास यंत्रणेच्या खात्याबाहेर बसावं.

आकड्यांचंही तसंच. 2016 ते 2019 या चार वर्षांत यूएपीएखाली 5,922 लोकांना अटक झाली आणि 132 जणांवर दोष सिद्ध झाला, असं सरकारने 2021 मध्ये राज्यसभेत सांगितलं. हे दोन आकडे शेजारी ठेवून लोक लगेच टक्केवारी काढतात. मला ते पटत नाही. ज्यांना या चार वर्षांत शिक्षा झाली ते कदाचित दहा वर्षांपूर्वी पकडलेले असतील आणि या चार वर्षांत पकडलेल्यांचे खटले अजून उभेही राहिले नसतील. खरं कळायचं तर एकेका अटकेचा माग शेवटपर्यंत काढावा लागेल. अटक कधी, आरोपपत्र कधी, मंजुरी कधी, जामीन मिळाला का, साक्षी कधी सुरू झाल्या, निकाल काय, आणि निर्दोष सुटला तर तो माणूस आज काय करतो. हे काम एखादं विद्यापीठ पाच वर्षांत करू शकतं, सरकारने नोंदी दिल्या तर. तोवर एक गट म्हणणार कायदा निरुपयोगी आहे, दुसरा म्हणणार न्यायालयं मऊ आहेत, आणि दोघेही अंदाजाने बोलत राहणार.

पुण्याहून बेंगळुरूला जाणारा महामार्ग आमच्या शहराला लागून जातो. त्या रस्त्यावरून जाताना मला नेहमी चार हत्यांच्या तारखा आठवतात. 20 ऑगस्ट 2013, पुणे, डॉ. नरेंद्र दाभोलकर. 16 फेब्रुवारी 2015, कोल्हापूर, कॉम्रेड गोविंद पानसरे. चार दिवसांनी ते गेले. 30 ऑगस्ट 2015, धारवाड, डॉ. एम. एम. कलबुर्गी. 5 सप्टेंबर 2017, बेंगळुरू, गौरी लंकेश. चार गावं, एकच रस्ता, आणि बेळगाव त्याच रस्त्यावर. मोटरसायकलवरून आलेले मारेकरी आणि 7.65 मिलिमीटरचं देशी बनावटीचं पिस्तूल. पुण्याचा तपास आधी पोलिसांकडे, मग उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयकडे. कोल्हापूरचा आधी विशेष पथकाकडे, 2022 मध्ये एटीएसकडे. धारवाडचा आधी कर्नाटकाच्या सीआयडीकडे, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बेंगळुरूच्या विशेष पथकाकडे. ते पथक गौरी लंकेश यांच्या हत्येच्या तपासासाठी नेमलेलं होतं, आणि वेगवेगळ्या हत्यांचे धागे जुळतात हे ठळकपणे पुढे आलं ते त्या तपासातून. शस्त्रांचा सराव बेळगाव जिल्ह्यातल्या रानातही झाला, असं त्या पथकाचं म्हणणं आहे. दाभोलकर खटल्याचा निकाल 10 मे 2024 ला लागला: दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष.

कायद्याच्या भाषेत या हत्यांना दहशतवाद म्हणायचं की नाही, ते न्यायालयं ठरवतील. विचार मांडणाऱ्या माणसांना मारून बाकीच्यांची तोंडं बंद करायची, याला दुसरं कुठलं नाव शोभतं हे मला माहीत नाही. इथे माझा मुद्दा राज्यांमधल्या शिवणीचा आहे. पहिल्या गोळीपासून चौथ्या गोळीपर्यंत चार वर्षं गेली. महाराष्ट्राचे कागद मराठीत, कर्नाटकाचे कन्नडमध्ये, आणि मध्ये इंग्रजी भाषांतराची वाट बघणारी फाइल. जबाबातला एखादा शब्द भाषांतरात सपाट होतो, आडनाव बदलतं, गावाचं नाव तर हमखास बदलतं. शिवेपलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात 1967 च्या कायद्याने नेमलेला पोलिसपाटील आहे, जो गावात नवीन आलेल्या माणसाची खबर ठेवतो. इकडे पाटीलकी कधीच संपली, बीटचा हवालदार आहे, त्याच्याकडे गावं पुष्कळ. एकाच डोंगराच्या दोन उतारांवर माहिती गोळा करायच्या दोन वेगळ्या रीती आहेत, आणि चोर्ल्याच्या घाटातून पुढे गेलात की गोव्याची तिसरी. अशा जागी चालणाऱ्या टोळीला कुठे फट आहे हे चटकन कळतं. ते आम्हांला कळायचं तर दोन्ही बाजूंच्या भाषा येणारी माणसं त्या फटीत उभी राहून अभ्यास करायला हवीत.

केंद्राने वरून आदेश काढून ही फट बुजवायचा प्रयत्न 2012 मध्ये केला होता. राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र काढायचं, ते इंटेलिजन्स ब्यूरोखाली ठेवायचं आणि त्याला अटकेचा अधिकार द्यायचा, असा तो आदेश होता. पोलिस हा घटनेने राज्यांचा विषय. ममता बॅनर्जींपासून नरेंद्र मोदींपर्यंत वेगवेगळ्या पक्षांचे मुख्यमंत्री विरोधात उभे राहिले आणि ते नवं केंद्र कागदावरच राहिलं. राज्यांना विश्वासात घेऊन, त्यांची भीती आधी समजून घेऊन ते केलं असतं तर आज त्याचं रूप वेगळं असतं.

संशोधन म्हटलं की ते चांगलंच, असंही मी मानत नाही. न्यू यॉर्कच्या पोलिसांनी 2007 मध्ये तरुण मुलं कट्टर कशी होतात यावर एक अहवाल काढला. दाढी वाढवणं, नियमित मशिदीत जाणं, सिगारेट सोडणं असल्या गोष्टी त्यात धोक्याच्या पायऱ्या म्हणून मोजल्या गेल्या. पुढे मुस्लिम नागरिक न्यायालयात गेले, आणि 2016 च्या तडजोडीत पोलिसांना तो अहवाल आपल्या संकेतस्थळावरून काढावा लागला. मधल्या काळात किती निरपराध घरांवर पाळत राहिली असेल! म्हणून संशोधनावरही दुसऱ्या संशोधकांची नजर हवी, ते उघड हवं, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना ते वाचून खोडता आलं पाहिजे.

हे मी मराठी भाषक म्हणूनही लिहिते आहे. 1 नोव्हेंबरचा काळा दिन असो, 17 जानेवारीचा हुतात्मा दिन असो, बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं त्या वेळचा मराठी भाषकांचा महामेळावा असो, रस्त्यावर फौजफाटा उभा राहतो, कार्यकर्त्यांना आदल्या रात्रीच उचललं जातं. डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली तेव्हाही दोन्हीकडचे पोलिस कितीतरी दिवस फक्त बंदोबस्तात अडकले होते. भाषेसाठी घोषणा देणारा कन्नड किंवा मराठी पोरगा आणि गुपचूप बंदुकीचा सराव करणारा माणूस यांत फरक करता येणं, हा सुरक्षेचा पहिला धडा आहे. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 113 मध्ये दहशतवादी कृत्य हा सर्वसाधारण फौजदारी गुन्हा झाला. त्या कलमाखाली गुन्हा नोंदवायचा की यूएपीएखाली, हे पोलिस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने ठरवायचं. म्हणजे राष्ट्रीय रणनीतीचा एक फार मोठा निर्णय आता जिल्ह्याच्या ठिकाणी, एका टेबलावर होतो. तो कशाच्या आधारे घ्यायचा, हे त्या कलमात नाही. देशभरच्या अधीक्षकांनी आजवर तो कसा घेतला, कुठे चुकला, कुठे बरोबर ठरला, याचा अभ्यास त्या अधिकाऱ्यासमोर ठेवणं हे आपल्याकडून त्याला मिळायला हवं.

यावर नेहमीचं उत्तर येतं, हे सगळं गोपनीय असतं. 2011 मध्ये एनआयए आणि नॅटग्रिड या दोन्ही संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेबाहेर ठेवल्या गेल्या, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे विषय सोडून. चालू तपासाचे कागद, खबऱ्याचं नाव, यंत्रणेची पद्धत गुप्तच राहिली पाहिजे; त्यावर माझा वाद नाही. पण कारगिल समितीला गोपनीय कागद दाखवून देशाचं काही बिघडलं नाही. ब्रिटनमध्ये दहशतवादाच्या कायद्यांचा स्वतंत्र परीक्षक असतो. तो सरकारी नोकर नसतो, बहुधा नामांकित वकील असतो, त्याला गुप्त कागद पाहता येतात, आणि दरवर्षी त्याचा अहवाल संसदेपुढे जातो. सरकारला न आवडणारं तो लिहितो आणि सरकार त्याला लेखी उत्तर देतं. असं एक पद आपल्याकडे निर्माण करायला फार मोठी इमारत लागत नाही.

आणि अभ्यास करायला माणसं लागतात. कोल्हापूर, बेळगाव आणि धारवाड या दोनशे किलोमीटरच्या आतल्या पट्ट्यात शिवाजी विद्यापीठ आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, कर्नाटक विद्यापीठ आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, लष्कराच्या कमांडोंचं प्रशिक्षण इथे होतं, हलभावीला भारत-तिबेट सीमा पोलिसांचं, म्हणजे आयटीबीपीचं, जंगलयुद्धाचं केंद्र आहे. देशासाठी लढणारे हात ही भूमी घडवते, त्याचा मला अभिमान आहे. त्याच भूमीवर तीन विद्यापीठांनी मिळून, मराठी आणि कन्नड दोन्ही येणाऱ्या मुलामुलींना घेऊन, दोन्ही राज्यांच्या पोलिसांच्या संमतीने सीमाभागाचा असा अभ्यास सुरू करावा. भाषेचा वाद न्यायालयात राहू दे. या कामात मराठी येणारा कन्नड मुलगा आणि कन्नड येणारी मराठी मुलगी यांची किंमत देशाला कळेल. दिल्लीतल्या कुठल्याही संस्थेला हे मनुष्यबळ पैसे देऊन मिळणार नाही.

अशी मुलगी मला वर्गात भेटली होती. तिने प्रबंधासाठी विषय निवडला होता तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांचा. मोठ्या कटातले कैदी तिला नको होते. मारामारी, चोरी, जमिनीच्या भांडणातला खून, अशा साध्या गुन्ह्यांत आत गेलेल्यांना आत कोण भेटतं आणि बाहेर आल्यावर कोण जवळ करतं, एवढंच तिला बघायचं होतं. विषय किती मोलाचा होता! पुढे इसिसचा म्होरक्या झालेला अबू बक्र अल-बगदादी 2004 मध्ये इराकमधल्या कॅम्प बुक्का या अमेरिकनांच्या छावणीत कैदी होता, आणि त्या छावणीत झालेल्या ओळखी पुढे जगाला किती महागात पडल्या हे आपण पाहिलं. तिच्या अर्जाला संबंधित कार्यालयातून सात महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, परवानगी देता येत नाही. कारण दिलं नव्हतं. तिने विषय बदलला, पदवी घेतली, आता ती हुबळीला एका बँकेत आहे.

पुढे 14 जानेवारी 2023 ला केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या नागपूरच्या कार्यालयात धमकीचे फोन आले. ते आमच्या हिंडलग्याच्या कारागृहातून एका कैद्याने केल्याचं तपासात निघालं. तो आत आला होता खुनाच्या गुन्ह्यात. दहशतवादाच्या गुन्ह्यातल्या कैद्याशी त्याचा संबंध तुरुंगातच आला, असं नागपूर पोलिसांनी तेव्हा सांगितलं. बातमी वाचली त्या संध्याकाळी मी कपाटातून त्या मुलीची वही काढली. प्रश्नावली तिने मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत स्वतःच्या अक्षरात लिहिली होती. उर्दूसाठी ती शेजारच्या चाचींकडे महिनाभर जात होती. एकूण बावीस प्रश्न आहेत. पहिला प्रश्न असा: सुटलात त्या दिवशी तुम्हांला न्यायला दारात कोण उभं होतं?